इंजिनावरची गोधडी

बॉनेट उघडलं आणि हे दोन पावलं मागेच सरकले. मी चपला घालून, पिशवी खांद्याला लावून मागे उभी होते. वाकून बघितलं, तर इंजिनावर कापसाचं आणि चिंध्यांचं गोल घरटं, आणि त्यात डोळेही न उघडलेली उंदरांची गुलाबी पिल्लं. आजूबाजूच्या वायरी कुरतडून आतली तांब्याची तार उघडी पडली होती.

"अहो, आता?"

"थांब गं जरा. बघतोय ना मी."

सकाळीच भाच्याचा फोन आला होता. "मावशी, आजच निघ. आई सारखं तुझं नाव घेतेय. डॉक्टर काही धड बोलत नाहीत." ताई माझी मोठी बहीण. आई आमची लवकर गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या घालण्यापासून ते मला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचं गाव तसं फार लांब नाही, गाडीनं अर्धा दिवस. पण माझे गुडघे बसच्या पायऱ्या बघूनच रडायला लागतात. म्हणून तर निवृत्त झाल्यावर ह्यांनी गाडी घेतली. "आता तुला ताईकडे हवं तेव्हा नेईन," असं स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते.

कसलं नेणं आणि कसलं काय! हे आयुष्यभर कारखान्यात स्टोअरकीपर. वस्तू कपाटात राहिली की सुरक्षित आणि बाहेर गेली की झिजली, हे ह्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. घरात नवे कप आले की पाहुण्यांसाठी वर जायचे, आणि पाहुणे आले की "असू दे, जुन्यातच दे" म्हणायचे. गाडीचंही तेच झालं. पावसात चिखल उडतो, उन्हात रंग उडतो, सुट्टीत रस्त्यावर गर्दी असते. ताई फोनवर विचारायची, "काय गं, गाडी घेतलीत का शोकेसमध्ये ठेवलीत?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

उंदरांचा मात्र ह्यांनी धसकाच घेतला होता. शेजारच्यांच्या गाडीची वायर उंदरांनी खाल्ली, तेव्हापासून तर झोप उडाली. जुन्या मोज्यांत डांबरगोळ्या भरून चाकांपाशी टांगल्या. तंबाखूची पानं ठेवली, तिखट पसरलं, त्यानं उंदीर गेले नाहीत, मीच शिंकून बेजार झाले. दोन्ही बाजूंना पिंजरे. वर जाड कव्हर, त्याच्या कडांवर विटा. रविवारी गाडी जागेवरच सुरू करायची, चांगली तापू द्यायची, बंद करायची, आणि थंडीत इंजिन गारठू नये म्हणून बॉनेट उघडून आत गोधडी पांघरायची. ही गोधडी ताईनं शिवलेली, गाडी घेतली तेव्हा खास पाठवलेली, 'मागच्या सीटवर टाक, येताना पाय पसरून झोप,' असं सांगून. माझा लहानपणचा पिवळ्या फुलांचा फ्रॉक होता तिच्यात, ताईचा शाळेचा निळा झगा होता. मी कुरकुरले होते, पण हे म्हणाले, "अगं, कापूस आहे तिच्यात. ऊब धरते."

धरली खरी. घरट्यात ती पिवळी फुलं मला स्वच्छ दिसत होती.

कोपऱ्यावरचा वायरिंगवाला आला. भला माणूस, पण तोंडाला लगाम नाही. "काका, गोधडी कोणी घातली?"

"मीच. इंजिन गारठतं."

"आणि गाडी शेवटची कधी चालवली होती?"

हे फडक्यानं बॉनेटची कड पुसायला लागले. "रविवारी सुरू करतो ना. न चुकता."

"म्हणजे जागा गरम करून देता, पांघरूण घालता, वर अंधार करता आणि निघून जाता. काका, मी उंदीर असतो तर मीपण इथेच बिऱ्हाड केलं असतं."

एरवी मी पोट धरून हसले असते. त्यानं घरटं हलक्या हातानं वर्तमानपत्रावर उचललं आणि कुंपणाच्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं. मग वायरींत हात घातला आणि मान हलवली. "वेळ लागेल."

"अहो, भाड्याची गाडी बोलावू या," मी म्हणाले.

"स्वतःची गाडी दारात असताना? होईल गं तासाभरात. हो ना रे?" हे त्याच्याकडे बघून म्हणाले. त्यानं वायर सोलायला घेतली. इतकी वर्षं जपलेल्या गाडीनं नेमकी आजच मान टाकावी, हे त्या माणसाला सोसत नव्हतं. मला कीव आली आणि मी पायरीवर बसले. बसायला नको होतं. रस्त्यावर उभं राहून ओरडून गाडी थांबवायला हवी होती. पण मी बसले, पिशवी मांडीवर घेऊन. आत ताईसाठी मऊ पायमोजे होते.

ऊन पायरीवरून सरकत भिंतीवर गेलं. हे टॉर्च धरून, पक्कड धरून, घाम पुसत उभे होते. दर थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणायचे, "आलंच."

पुन्हा भाच्याचा फोन आला. मी कानाला लावला.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "सावकाश या. आता घाई करू नका."

त्याच वेळी इंजिन घुरघुरलं आणि सुरू झालं. हे सीटवरून खाली उतरले, चेहरा नुसता फुललेला. "बघ! म्हटलं होतं की नाही? चल, बस पटकन, आता थेट ताईकडे."

मी फोन खाली ठेवला. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात आपोआप दाराला टेकला. वायरिंगवाल्यानं जाऊन इंजिन बंद केलं.

गेलो आम्ही त्याच गाडीनं. काय सांगू, गाडी फार सुरेख चालली. रस्ताही काही वाईट नव्हता. पोचलो तेव्हा ताईला अंगणात ठेवलं होतं. तिचे पाय उघडे होते, मी मोजे घातले.

घरी परत आल्यावर ह्यांनी कव्हर टाकून दिलं. विटा, पिंजरे, डांबरगोळ्यांचे मोजे, सगळं गेलं. मग रोज सकाळी गाडी बाहेर काढायचे, एक फेरी मारून यायचे. निघण्याआधी माझ्या बाजूचं दार उघडून थोडा वेळ उभे राहायचे. मी खिडकीतून बघायचे आणि आत जायचे. मग दार लावल्याचा आवाज यायचा.

उरलेली गोधडी मी धुतली. कुरतडलेल्या जागी ठिगळं लावली. माझी टाके घालायची रीत ताईसारखी नाही, ते बघितल्याबरोबर कळतं. ती पुरी झाली त्या सकाळी मी गोधडी घेऊन खाली उतरले आणि उघड्या दारातून आत बसले.

ह्यांना काय करावं सुचेना. घाईघाईनं वळसा घालून आले, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"कुठे जायचं?" ह्यांनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर ह्यांचं तोंड उतरलं.

मी गोधडी गुडघ्यांवर पसरली.

"चला," मी म्हणाले. "कुठेही चला."