वाळूतला मासा

लेकीने पर्स खुर्चीत टाकली, बाही कोपराच्या वर सारली आणि टाकीवरचं जाळीचं झाकण उचललं.

"हात घालू नकोस," आई म्हणाली.

"आज सहावा दिवस आहे, आई. मासा आणलास की लपाछपीतला भिडू?"

आईने चष्मा काचेला टेकवला. खाऱ्या पाण्यात पोवळी बोटं पसरून संथ डोलत होती. तळाच्या वाळूत काहीच हालचाल नव्हती. टाकी नवऱ्याची. तो गेल्यावर वर्षभर ती जमेल तसं मीठ कालवत, पाणी बदलत राहिली, पण एकेक मासा संपत गेला. शेवटी लेकीने बजावलं होतं, आता एकच आण. तोही मेला तर टाकी मोडायची.

म्हणून दुकानात तिने अख्खी सकाळ घालवली. पोवळ्यांना तोंड न लावणारा, बोटाएवढा, रॅस जातीचा मासा हवा होता. तसे दोन होते. एक फार देखणा होता, हिरव्यावर लाल रेघांचा, पण खाणं टाकलं तरी कोपऱ्यात रुसून बसलेला. दुसरा फिकट, पण खाण्यावर तुटून पडला. तिने फिकट निवडला.

"आजी, हा वाळूत शिरून झोपतो," दुकानदाराने सांगितलं होतं. "नव्या घरी आठवडाभर तोंड दाखवणार नाही. उकरू मात्र नका. धसक्यानेच जायचा."

लेकीला ते पटलं नव्हतं. "त्याचं काय जातंय सांगायला? खाली मरून पडला असेल तर सगळं पाणी नासेल."

"झोपलाय गं तो."

आईच्या तोंडून निघून गेलं.

नवरा गेला त्या सकाळी दारात आलेल्या शेजाऱ्याला तिने हेच सांगितलं होतं. झोपलेत. दहा वाजले तेव्हा ती आत गेली. सातला उठवलं असतं तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले होते. अजूनही दहाच्या सुमाराला आतल्या खोलीत पलंग करकरल्यासारखा वाटे आणि तिच्या हातातलं काम थांबे.

लेकीचा हात पाण्यात उतरला. बोटं वाळूपाशी पोचली आणि तिथेच राहिली.

"बाबांच्या वेळी तू सगळ्यांना खोटं का सांगितलंस?"

"काय खोटं?"

"मी सातला फोन केला होता. तू म्हणालीस, अजून उठले नाहीत, बघते उठवून. मीच म्हटलं, एक दिवस झोपू दे की त्यांना." पाणी तिच्या दंडाभोवती हलत होतं. "उठवलं नाहीस म्हणून मावशीने माझ्यादेखत तुला काय काय ऐकवलं. तू सगळं स्वतःवर घेतलंस, एकदाही माझं नाव घेतलं नाहीस."

आई फडक्याने काचेवरचा ओघळ पुसू लागली. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत राहिली.

"तुला अजून खूप वर्षं काढायचीत," ती म्हणाली. "मला काय, चार बोल जास्त."

लेकीने हात काढला नाही. वाळू बोटभर खाली होती.

"मग आता?" आईने हळूच विचारलं. "उठवायचं?"

"मला नको ना विचारूस."

आईने फडकं बाजूला ठेवलं. स्वतःची बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि लेकीचं मनगट धरलं. वर ओढलं नाही, खालीही लोटलं नाही.