मधल्या रांगेतला ठोकळा

ग्रंथालयात तिला सगळे खारूताई म्हणत. एक तर ती शिडीवर सुर्रकन चढे, आणि दुसरं म्हणजे एकदा ठेवलेली वस्तू कधी विसरत नसे. खरी खार निम्मे दाणे पुरून विसरून जाते, हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि तिनेही ते सांगायची घाई केली नव्हती. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातल्या भांडारात तिची एकतीस वर्षं गेली होती. वाचकाने वर खिडकीवर चिठ्ठी द्यायची, चिठ्ठी खाली यायची आणि हिने पुस्तक काढून सामानाच्या लिफ्टमधून वर धाडायचं. एकतीस वर्षांत एकाही चिठ्ठीवर तिने ‘सापडत नाही’ असा शेरा मारला नव्हता. याचा तिला ताठा होता, आणि खोटं कशाला बोला, चांगलाच होता.

देशात जे जे छापलं जाईल त्याची एक प्रत इथे आलीच पाहिजे, असा जुना कायदा. त्यामुळे थोरामोठ्यांचे ग्रंथ आले तशी साबणाच्या कारखान्यांची दरपत्रकंही आली, आगगाड्यांची वेळापत्रकं आली आणि कोंबड्यांच्या रोगांवरची चोपडीही आली. सुरुवातीला हा सगळा पसारा बंदरावरच्या धान्याच्या गोदामात होता. तिथे उंदरांनी पहिलं वाचन उरकलं, मग तो एका जुन्या तुरुंगात गेला आणि शेवटी या इमारतीत आला. विषयवार लावायला जागा पुरेना, म्हणून पहिल्याच ग्रंथपालांनी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. भांडारातली माणसं त्यांना धाकटी, मधली आणि थोरली म्हणत. तिन्ही रांगांचे क्रमांक आपापले, प्रत्येकीचे एकपासून, आले त्या ओळीने. मधलं चार हजार एकशे अठरा म्हणजे एकच पुस्तक आणि त्याची एकच जागा. तिथून ते हललं, तर पंधरा लाखांत ते असून नसल्यासारखं.

त्या मंगळवारी दुपारी चिठ्ठी आली ती नेमकी त्याचीच. ‘आमच्या शाळेच्या खुणा’, मधलं ४११८. खारूताई गेली, शिडी लावली, आणि चार हजार एकशे सतरा नि एकोणीस यांच्यामध्ये तिला लाकडी ठोकळा दिसला. पुस्तक काढलं की त्याच्या जागी ठोकळा ठेवायचा आणि पुस्तक कुठे गेलं ते त्याच्यावर चिकटवायचं, हा इथला रिवाज. ठोकळ्यावरचा कागद पिवळा पडला होता. ‘बांधणीला’ एवढंच त्यावर लिहिलं होतं, तारीख एकतीस वर्षांपूर्वीची होती आणि अक्षर तिचं स्वतःचं होतं.

ती सहसा वर जात नसे, पण त्या दिवशी गेली. चिठ्ठी देणारी बाई सात नंबरच्या टेबलाशी बसली होती. तिशीची असेल. बेकरीत कामाला होती, पहाटे चारची पाळी संपवून तशीच आली होती आणि तिच्या कोपरांना अजून पीठ होतं. खारूताईने हळू आवाजात विचारलं, तशी तिने सगळं सांगितलं.

तिचे आजोबा जन्मापासून बहिरे. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकले आणि शाळेच्याच छापखान्यात पुढे जन्मभर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. त्या शाळेची हातांची बोली वेगळी, तिथली मुलंच घडवत आलेली. आजीही त्याच शाळेतली, त्यामुळे दोघांचं घरात सगळं हातांनी चाले. नातीशी मात्र आजोबा पाटीवर लिहून बोलत. आजी गेली, शाळा तर कधीच बंद पडली होती, आणि या हिवाळ्यात आजोबांना झटका आला. आता बोटांत खडू धरवत नव्हता. रोज दुपारी नात घरी आली की ते एकच खूण करत: दोन्ही मुठी छातीवर ठेवायच्या, हळूहळू पोटापर्यंत खाली आणायच्या आणि मग तळवा पुढे करायचा. छातीत दुखत असेल म्हणून डॉक्टरांकडे दोनदा नेलं. हृदय ठणठणीत निघालं. खूण काही थांबली नाही, आणि आपलं कुणाला कळत नाही हे कळून आजोबा भिंतीकडे तोंड करून पडू लागले होते. त्या खुणांचं एक चित्रांचं पुस्तक शाळेने छापलं होतं, एवढं तिला आठवत होतं. साऱ्या देशात त्याची एकच प्रत उरली होती, इथे, कायद्याने धाडलेली.

“काकू, ते शेवटचं काही मागत असतील आणि मी नुसती बघत बसले, असं नको व्हायला,” ती म्हणाली.

खारूताईने तिला उद्या यायला सांगितलं आणि खाली आल्यावर स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. उद्या कुठून आणणार होती?

भांडारप्रमुख माणूस वाईट नव्हता. त्याने ठोकळा बघितला आणि सोपी वाट दाखवली: बांधणी विभागाकडून गहाळ, असा शेरा मार, सही कर आणि मोकळी हो. पुस्तक बांधणीला गेलं, परत आल्याची नोंद नाही, मग तुझ्या अंगाला काय लागणार? शेरा खोटाही नव्हता. तिने पेन उघडलं, चिठ्ठीवर ‘गहाळ’मधला ‘ग’ लिहिला आणि तिथेच थांबली. पुस्तकाला पाय फुटत नाहीत, हे ती नव्या माणसांना गेली वीस वर्षं ऐकवत आली होती. तिने चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.

संध्याकाळी ती बाइंडरकाकांच्या घरी गेली. काका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. ऐकायला कमी, पण हात तेच. गप्पा मारता मारता सुनेच्या वहीचा उसवलेला टाका नीट करत होते. एकतीस वर्षांपूर्वीचं म्हणताच त्यांना आठवलं, कारण त्याच साली पाण्याचा नळ फुटून मधल्या रांगेतली चारशे पुस्तकं भिजली होती. खालच्या कडा सगळ्या कुजल्या होत्या.

“मग कुजलेलं ठेवून काय करायचं? कापलं. कुणाचं एक बोट, कुणाचं दोन,” काका म्हणाले. “आणि तुम्ही भांडारवाल्या मला म्हणालात, क्रमांक तेवढा टाका, बाकी आम्ही बघतो.”

म्हणालं कोण, तर तीच. नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते आणि शहाणपणा उतू जात होता. पुस्तक हातात घेतलं की नजरेनेच ते कुठल्या रांगेतलं हे ओळखायचं, असा तिचा तोरा होता. दोन बोटं कापल्यावर मधलं पुस्तक धाकट्याएवढं होणार आणि कण्यावर नुसता क्रमांक बघून ती ते धाकट्यांच्या रांगेत ठेवून देणार. आणि दिलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोट न काढता तळघराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. धाकटं चार हजार एकशे अठरा ही मधमाश्या पाळण्यावरची पुस्तिका होती. तिला खेटून, तोच क्रमांक अंगावर घेऊन, निळ्या कापडातलं दुसरं पुस्तक उभं होतं. एकतीस वर्षं परक्या घरात पाहुण्यासारखं अंग चोरून. खारूताई शिडीच्या पायरीवरच बसली आणि तिला रडू आलं. लाज वाटत होती आणि आनंदही झाला होता. आधी कशाचं रडू येतंय, ते तिला ठरवता येईना.

पुस्तक तिने लिफ्टमधून धाडलं नाही, स्वतः वर नेलं. नात एक एक पान उलटू लागली. प्रत्येक पानावर सहा चित्रं, खाली एक ओळ, आजोबांनीच जुळवलेल्या खिळ्यांची. एकशे बाराव्या चित्रावर तिचं बोट थांबलं. दोन मुठी छातीवर, खाली येणारा बाण आणि पुढे केलेला तळवा. खाली छापलं होतं: ‘दमलीस का?’

तिने ती ओळ ओठ हलवत पुन्हा एकदा वाचली.

“आणि मी त्यांना गोळी देत होते,” ती म्हणाली.

ग्रंथालयातलं पुस्तक बाहेर जात नाही, म्हणून शुक्रवारी आजोबाच आत आले, चाकांच्या खुर्चीतून. खारूताई जेवणाची सुट्टी टाकून वर येऊन उभी राहिली. वाचनकक्षात भिंतीभिंतीवर ‘शांतता राखा’च्या पाट्या, आणि इतकी वर्षं तिथे कुणाला मनसोक्त बोलता आलं नव्हतं. आजोबांनी पुस्तक ओळखलं. पानांवरून हात फिरवला, कापलेल्या कडेपाशी थांबले आणि नापसंतीने ‘च्च’ केलं. खारूताईने मान खाली घातली. मग त्यांनी नातीकडे बघून मुठी छातीवर ठेवल्या आणि सावकाश खाली आणल्या.

यावेळी नातीनेही हात उचलले. दोन दिवस तिने आरशासमोर सराव केला होता. थोडी दमलेय, आता बरी आहे, असं तिने चुकतमाकत हातांनी सांगितलं. म्हाताऱ्याने एकदम तिचा हात पकडला. सगळ्यांना वाटलं, आता हे रडणार. पण त्यांनी तिचा वाकडा झालेला अंगठा सरळ केला आणि खूण पुन्हा करायला लावली. जन्मभर खिळे जुळवलेला माणूस, चूक खपवून घेतो होय? तिसऱ्यांदा ती बरोबर जमली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या खारूताईकडे गेली, शिडीने काळ्या पडलेल्या तिच्या तळव्यांकडे गेली, आणि त्यांनी तिलाही तेच विचारलं.

तिला उत्तराची खूण येत नव्हती. तिने नुसतीच हो म्हणून मान हलवली, आणि असं कुणी विचारल्याला किती वर्षं झाली होती, ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

संध्याकाळी तिने कण्यावर क्रमांकाच्या आधी ‘मधलं’ असं लिहिलं, पुस्तक मधल्या रांगेत नेलं आणि ठोकळा काढला. मग ती अडवून ठेवलेली चिठ्ठी खिशातून काढली, त्यावरचा ‘ग’ खोडला आणि खाली लिहिलं: ‘सापडलं. चूक माझी होती.’