मागच्या सिलिंडरचा ठिपका

माझ्या धाकट्या भावाला पक्षाघाताने गाठले, तेव्हा त्याची उजवी बाजू आणि वाणी एकाच सकाळी हरपली. वाणीतला एकच शब्द मागे राहिला, तो म्हणजे 'हो'. पाणी हवे का, हो. नको का, हो. दुखते आहे का, हो; आणि दुखत नाही ना, यालाही तेच उत्तर, त्याच सौम्य स्वरात. डॉक्टरांच्या मते ऐकलेले त्याला बहुतेक समजत होते, उत्तरही मनात तयार असायचे. ओठांशी येईपर्यंत मात्र प्रत्येक उत्तराचे 'हो' होऊन जाई.

आठ महिने मी त्याच्यापाशी राहिलो. मग त्याच्या मुलीने, माझ्या पुतणीने, त्याला कायमचे आपल्या घरी न्यायचे ठरवले. तिचे घर परगावी, तिसऱ्या मजल्यावर. गाडी तेथे नेणे शक्य नव्हते. तेव्हा मी त्याला शब्द दिला, "जाण्याआधी तुला तुझ्या गाडीचा आवाज ऐकवीन. दोन्ही सिलिंडरांचा."

"हो," तो म्हणाला.

ती गाडी म्हणजे एक लांब, बुटकी, जडशीळ क्रूझर मोटरसायकल. पंजाची दोन बोटे फाकवावीत तसे तिचे दोन सिलिंडर, एक पुढे कललेला, एक मागे. भाऊ कारखान्यात चौतीस वर्षे टर्नर होता. या इंजिनाला त्याने परक्याचा हात क्वचितच लागू दिला. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची परीक्षा. वैद्य नाडी पाहतो, तसा तो ऐकत असे. माझे आयुष्य संस्कृत शिकवण्यात आणि जुन्या हस्तलिखितांचे पाठ शुद्ध करण्यात गेले. माझ्या बोटांना पानांचीच सवय.

तरीही गाडीचे पुस्तक उघडले आणि त्यातील क्रम आज्ञेप्रमाणे पाळला. प्रथम ठिणगी: प्लग काढून धातूला टेकवला, किक नसल्याने बटण दाबले, निळी ठिणगी पडली. मग पेट्रोल: टाकीत आठ महिने पडून राहिलेल्या पेट्रोलला वार्निशासारखा वास येत होता. दोष सापडला, असे मला वाटले. दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मांडले आणि चार दिवस ते धूत बसलो. छिद्रे तारेने मोकळी केली, पितळ उजळवले.

"काका, एवढ्या निगुतीनं तुम्ही स्वतःचा चष्माही पुसत नाही," वडिलांना न्यायला येऊन राहिलेली पुतणी म्हणाली.

प्रत्येक कार्ब्युरेटरवर एक बारीक स्क्रू होता, हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरवणारा. त्याच्या माथ्यावर आणि शेजारच्या धातूवर समोरासमोर लाल ठिपके होते. मी वास घेतला. नेलपॉलिश. पुतणीच्या बालपणीचे उद्योग, असे मनाशी म्हणून मी ते थिनरने स्वच्छ पुसून काढले. मूळ पाठात घुसलेली भर काढल्याचा जुना आनंदही झाला, हे मान्य केले पाहिजे. मग स्क्रू काढले, धुतले आणि पुस्तकाप्रमाणे पूर्ण आवळून अडीच फेरे सैल केले.

इंजिन सुरू झाले, पण लंगडत. एक्झॉस्टच्या पुढल्या नळीवर पाण्याचा थेंब टाकला, तो चुर्रकन उडाला. मागल्या नळीवर थेंब तसाच बसून राहिला. मागच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नव्हते.

शुक्रवारी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. तो भावाला उस्ताद म्हणे. वाकून पाहताच त्याने विचारले, "सर, इथले लाल ठिपके कुठे गेले?"

"मी पुसले. मुलीचा खेळ वाटला."

त्याने स्क्रूच्या माथ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "खेळ कसला, उस्तादांची खूण ती. मागचा सिलिंडर झिजलाय. पुस्तकातला हिशेब त्याला चालत नाही. ऐकून ऐकून त्यांनी जागा काढली होती, आणि पोरीची बाटली घेऊन ठिपका दिला होता." त्याने तासभर खटपट केली. मागचा सिलिंडर दोनदा पेटला आणि पुन्हा विझला. "माझा कान तेवढा नाही, सर. त्यांनाच विचारा."

समासातल्या ज्या खुणेचा अर्थ लागत नाही ती पुसू नये, हे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना बजावत आलो होतो.

रविवारी दुपारी चाकांची खुर्ची परसदारी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. मी इंजिन सुरू केले. पुतणीने स्क्रूड्रायव्हरचे टोक मागच्या सिलिंडरवर टेकवून मूठ वडिलांच्या कानाशी धरली. त्याने डोळे मिटले. आठ महिन्यांत प्रथमच तो चेहरा मला ओळखीचा वाटला.

"सैल करू?" मी विचारले.

"हो."

"की आवळू?"

"हो."

"बाबा, जन्मभर आम्हाला नाही नाही म्हणालात," पुतणी म्हणाली, "आता एकदाच म्हणा."

"हो."

आम्ही तिघेही हसलो. त्याचे हसू अर्ध्याच चेहऱ्यावर उमटले. मग तिने युक्ती काढली. सैल हवा तर डाव्या हाताने माझी बोटं दाबा, आवळायचा तर सोडा, असे तिने त्याला दोनदा समजावले. त्याने बोटे धरली ती सोडलीच नाहीत. मी स्क्रू पाव फेरा इकडे फिरवला, पाव फेरा तिकडे. कधी इंजिन अडखळे, कधी मागून एक फटका देऊन गप्प होई. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याला नेमके ठाऊक होते, आणि ते त्याच्यातून बाहेर येत नव्हते. एकदा त्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. ती आपट 'थांब'ची की 'चुकलास'ची, हे मला कळले नाही. उभ्या गाडीचे इंजिन फार वेळ चालवू नका, असे मेकॅनिकने बजावले होते. धातूचा तापलेला वास येऊ लागला. मी किल्ली फिरवली.

शांततेत तो मुलीच्या नखांकडे पाहू लागला. मग त्याने डावे बोट तिच्या नखावर घासले, पुन्हा घासले. ती आत गेली आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आली.

झाकण तिने उघडले. कुंचला त्याने डाव्या हातात घेतला. खुर्ची आम्ही गाडीला भिडवली. पहिला थेंब पुढल्या तापलेल्या नळीवर पडला, तेथे लगेच वाळून काळवंडला. दुसऱ्या खेपेस त्याने स्क्रूच्या माथ्यावर ठिपका दिला, आणि त्याच्या समोर धातूवर दुसरा. आम्ही जेथे हरून थांबलो होतो, त्याच जागी.

"हीच जागा का रे?" मी विचारले.

"हो."

"की नुसतं राहू दे म्हणतोस?"

"हो," तो म्हणाला, आणि कुंचला मुलीच्या हाती दिला.

सोमवारी सकाळी ती दोघे गेली. दुपारी मी गाडी पुन्हा सुरू केली आणि मागल्या नळीवर पाण्याचा थेंब टाकला. तो बसून राहिला, गोल, न हलता. मी इंजिन बंद केले, फडके घेतले आणि सारी गाडी पुसली. तेवढी एक जागा सोडून.