पांढऱ्या रुमालातली करंगळी

ताई माझी जखम रोज पापणीही न हलवता धुते. दवाखान्यात वीस वर्षं ती हेच करतेय. पण मी जपानी गुंडांचा सिनेमा लावला की पडद्यावरच्या खोट्या रक्ताला घाबरून स्वयंपाकघरात पळते.

"काय मेली ती कापाकापी बघतोस! तुझं कापलं तेवढं पुरे नाही झालं?"

नाही झालं. या सिनेमांत एक माणूस कापला तरी रक्त छतापर्यंत उडतं, भिंती भिजतात, आणि काही झालंच नाही असं म्हणायची कोणाच्या बापाची हिंमत होत नाही. कारखान्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली, तेव्हा पंधरा मिनिटांत मशीन पुसून पुन्हा सुरू केलं. शिफ्टचं टार्गेट पूर्ण झालं म्हणे! बोटांपेक्षा मला त्याचाच राग जास्त येतो.

आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो, म्हणून सुपरवायझरने एका बटणात आगकाडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. तेवढी चूक माझी, ती मी नाकारत नाही.

रविवारी दुपारी सुपरवायझर घरी आले. सोबत पिशवीभर फळं आणि एक टाइप केलेला कागद. 'बटणात काडी मी स्वतः खोचली.' खाली माझं नाव. सही केली तर गेटवर बसायची नोकरी, नाहीतर कायमचं घरी. चोराच्या उलट्या बोंबा!

"करून टाक बाबा सही," ताई हळूच म्हणाली. "नोकरी तरी राहील."

सिनेमा चालूच होता. टोळीच्या म्होरक्यासमोर एक गुंड गुडघे टेकून बसला होता. त्याच्या चुकीमुळे टोळीतला एक माणूस मेला होता. त्याने पांढरा रुमाल अंथरला, स्वतःची करंगळी कापली आणि रुमालात गुंडाळून पुढे सरकवली. ताईने डोळ्यांवर हात घेतला. सुपरवायझरांनीही तोंड फिरवलं.

"बंद कर रे ते. माणसं आहेत की राक्षस!"

"राक्षसच आहेत, साहेब. पण ज्याची चूक त्याचंच बोट. एवढी तरी लाज आहे त्यांना."

"सिनेमा आहे तो. हे घे पेन."

मी पट्टी बांधलेला उजवा हात पुढे केला. पेन धरायची बोटंच नव्हती. त्यांनी शांतपणे खिशातून शाईचं पॅड काढलं. तयारीनेच आले होते.

"अंगठा शाबूत आहे ना? तो लाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत ताईने डोळ्यांवरचा हात काढला. रिमोट उचलला, सिनेमा मागे नेला आणि आवाज वाढवला.

"बसा, साहेब. नीट बघा, मीही बघते." तिने पॅड बाजूला सारून कागद उलटा केला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "तुमची सगळी बोटं आहेत ना? मग लिहा, काडी कोणी खोचली ते."