उसनं बाळ

"सिस्टर, मी लहानपणी मुकी होते का?"

विचारलं एकदाचं! दाराबाहेर माझ्या दोन मैत्रिणी, लंबू आणि चष्मिस, तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. लंबूच्या आजीनं म्हणे सांगितलं होतं, की ही तीन वर्षांची होईपर्यंत चकार शब्द बोलत नव्हती. मी! जिच्या बडबडीपायी सरांनी तीनदा बाक बदलला! "हिंमत असेल तर काटेवाल्या सिस्टरना विचार," चष्मिस म्हणाली होती.

काटेवाल्या सिस्टर म्हणजे आमच्या वस्तीच्या दवाखान्यात बाळांची वजनं करणाऱ्या. सव्वीस वर्षं तीच खुर्ची, तोच काटा. शुक्रवारी निवृत्त होणार म्हणून कपाट आवरत होत्या.

"मुकी नव्हतीस गं. उशिरा बोललीस, आणि मग जी सुटलीस ती सुटलीसच. त्या दोघींना आत घे आधी, नाहीतर दार मोडतील."

मग त्यांनी सांगितलं. मी दोन वर्षांची असताना तपासणीला आईनं मला नेलंच नव्हतं. शेजारणीची मुलगी माझ्या नावानं नेली. उसनी! तिला तर तिच्या आईनं तासाभरापूर्वीच दाखवून नेलं होतं.

"फ्रॉक बदलला होता," सिस्टर म्हणाल्या, "पण कोपरावरचं खरचटलेलं कुठे जाणार? आणि नाव विचारलं तर पोरीनं खणखणीत स्वतःचंच सांगितलं!"

लंबू फिस्सकन हसली. मलाही हसू आलं, आणि गेलं.

"मग ओरडलात आईला?"

"रांगेत वीस बायका होत्या. त्यांच्यासमोर? वहीत काही लिहिलं नाही. म्हटलं, छान आहे हो. आता घरचीलाही एकदा दाखवा."

आई लाँड्रीत इस्त्री करते. मुलांच्या तज्ज्ञ डॉक्टर फक्त मंगळवारी, मोठ्या इस्पितळात, दोन बस बदलून. रजा घेतली की कामावरून काढायची धमकी. घरात सगळे म्हणायचे, बोलेल मोठी झाली की. आणि एकदा वहीत नाव चढलं की पोरीला जन्मभर वेडी म्हणतील, ही धास्ती. म्हणून सिस्टरच जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन लाँड्रीत जाऊ लागल्या. मालकाशी भांडून आईला एक मंगळवार सोडवला, माझे कान तपासून घेतले. मग सुरू झाली बटणं.

"तुला बटणं फार आवडायची. एक मुठीत धरायचं, तू मागतेस का ते बघत मनात दहापर्यंत मोजायचं. त्याआधी द्यायचं नाही. तुझे बाबा तीनवरच विरघळायचे! आई मात्र मोजायची. पाच महिन्यांनी, नऊवर, तू म्हणालीस, 'दे.' आईनं गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला त्या दिवशी."

चष्मिस आता हसत नव्हती. मला मात्र चिमणी आठवली. काकूची मुलगी, अडीच वर्षांची, आमच्या शेजारच्याच खोलीत. हाक मारली तरी वळत नाही. गेल्या आठवड्यात काकू तपासणीला निघाली ती पलीकडच्या बाळाला घेऊन. मला वाटलं, शेजारधर्म! त्या बाळाची वेणी मीच घातली होती. सगळं सिस्टरना सांगून टाकलं.

"ओळखलं होतं मी तेव्हाच," सिस्टर म्हणाल्या. "दोनदा घरी गेले. काकूनं दार उघडलं नाही."

"चिमणी बोलेल ना, माझ्यासारखी?"

"ते नाही सांगता येत. सगळीच मुलं तुझ्यासारखी होत नाहीत. पण आत्ता हात दिला तर तिला तिची वाट सोपी होईल. शुक्रवारपर्यंत मी आहे. पुढचं माहीत नाही."

मला खूप काही बोलायचं होतं आणि शब्दच फुटेना. सिस्टर नुसत्या बघत थांबल्या. मोजत असणार. मी "थँक्यू" म्हणाले तेव्हा नऊ तरी झाले असतील.

घरी आले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा सायकल पुसत होते.

"आई, बाबा, मला सगळं कळलंय. उसनं बाळ, बटणं, सगळं."

आईचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"घरातलं बाहेर कशाला?" बाबा पुटपुटले. "उद्या चारचौघांत तुलाच वेडी..."

"म्हणू देत! उद्या सकाळी काकूचं दार मी वाजवणार. मी कशी होते ते तिला सांगणार, आणि चिमणीला घेऊन तिच्याबरोबर सिस्टरकडे जाणार. शाळेसाठी चिठ्ठी लिहून द्या."

मी मनात मोजू लागले. सहावर आई उठली. शिवणाच्या डब्यात तळाशी हात घालून तिनं एक पांढरं बटण काढलं, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, आणि माझ्या तळहातावर ठेवलं.