क्लीव्ह

लक्ष्मीकांतराव बुलढाण्याच्या कोर्टात दुभाषी होते. दिवसभर इंग्रजी ऐकून मराठीत सांगायचं, मराठी ऐकून इंग्रजीत. दुसऱ्यांची वाक्यं बोलून संध्याकाळी घरी विमलबाईंशी दोन शब्द बोलायचंही त्यांच्या जिवावर येई.

त्या दिवशी देऊळघाटच्या रुखमाबाईचा खटला होता. नवरा कडूबा बाभूळ तोडत असता कुऱ्हाड निसटून मांडीत बसली आणि तो गेला, असं ती सांगत होती. कुऱ्हाड तिनंच घातली, असं दीर उकंडराव म्हणत होता. साक्षीला मिशनच्या दवाखान्यातली म्हातारी डॉक्टर मडम आली होती. न्यायाधीश गोरा साहेब. पण ज्यांचं मत तो घेणार होता त्या पंचांना इंग्रजी येत नव्हतं.

मडमचं इंग्रजी जुन्या वळणाचं. बोलता बोलता तिनं 'क्लीव्ह' हा शब्द वापरला. त्याला जोडून आलेलं 'टू' हे इवलं अव्यय लक्ष्मीकांतरावांच्या थकल्या कानांतून निसटलं.

"मडम सांगतात, मी शेतात पोचले तेव्हा ही बाई नवऱ्याला चिरत होती."

कोर्टात कुजबुज उठली. मागच्या बाकावरचे दोघेतिघे उठून बाहेर गेले. रुखमाबाई मडमकडे वळली.

"तुमीच तं मले त्याइच्यापासून ओढून काढलं," ती हळूच म्हणाली. "मी सोडत नव्हती त्याइले."

तेव्हा लक्ष्मीकांतरावांना तो निसटलेला 'टू' आठवला. कुऱ्हाड लाकूड क्लीव्ह करते, नाव पाणी क्लीव्ह करते, हे ते शाळेत शिकले होते. पण तहानेनं जीभ टाळूला चिकटते आणि माणूस माणसाला बिलगतो, तिथंही जुने इंग्रज कवी हाच शब्द वापरतात. तेही एके काळी त्यांनी आवडीनं वाचलं होतं.

त्यांनी साहेबाची परवानगी मागितली आणि पंचांना चूक सांगितली: ही बाई नवऱ्याला बिलगून बसली होती, सुटता सुटत नव्हती. साहेबानं सर्वांदेखत त्यांची हजेरी घेतली. जखमेवरूनही मडमनं कुऱ्हाड निसटल्याचंच सांगितलं, आणि रुखमाबाई सुटली.

पण बाहेर गेलेल्यांनी पहिलंच वाक्य गावात नेलं होतं. रविवारी लक्ष्मीकांतराव देऊळघाटला गेले. पारावर बसून त्यांनी लोकांना शब्दाचे दोन्ही अर्थ समजावले. लोकांनी चहा पाजला. एक म्हातारा आदरानं म्हणाला, "साहेबानं दटावलं म्हणून तुमी बदललं असन."

उकंडरावच्या दारात बैलगाडी जुंपलेली होती. रुखमाबाईचा भाऊ इंद्रभान तिला माहेरी, बीबी गावाला न्यायला आला होता. लक्ष्मीकांतरावांनी हात जोडले.

"तुमी दोन्ही सांगतले, रावसाहेब," ती गाठोडं गाडीत ठेवत म्हणाली. "लोकायले एकच पुरला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. इंद्रभाननं बैल हाकले. गाडी वळणाआड गेल्यावर लक्ष्मीकांतराव बुलढाण्याच्या वाटेला लागले. घरी विमलबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा उद्या सांगतो, एवढंच म्हणून ते भिंतीला टेकले.