बटण दाबून गप्प

भावाने घणाचा शेवटचा घाव घातला. लोखंडी पाइप जेमतेम गुडघाभर वर राहिला होता. त्याने तो दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला. पाइप जागचा हलला नाही.

"आता यावर अँटेनाचा दांडा उभा करायचा," तो बहिणीला म्हणाला. "आणि बुंध्यापासून चारी बाजूंना तारा पुरायच्या. नऊ-नऊ फुटांच्या."

"चारी बाजूंना म्हणजे माझ्या शेवंतीतूनही?"

"ताई, छपरावर बसवला असता तर अंगण उकरावं लागलं नसतं."

"छपरावर कोण चढलं असतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि खिडकीकडे पाहिलं. आत टेबलाशी बसलेल्या नवऱ्याने लगेच नजर खाली वळवली. त्याच्या गळ्याभोवती पातळ सुती रुमाल होता. डॉक्टरांनी शिडीला हातही लावू नका म्हणून बजावलं होतं. तरी गेल्या आठवड्यात ती अंघोळ करून बाहेर आली, तेव्हा शिडी छपराला लावलेली होती आणि हा दुसऱ्या पायरीवर होता.

बत्तीस वर्षं त्याने ट्रक चालवला होता. रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्याला भोंगा म्हणत. ट्रकाट्रकांत बोलायच्या रेडिओवर त्याने तोंड उघडलं की बाकीच्यांना आपापल्या सेटचा आवाज कमी करावा लागे. आठ महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. तेव्हा त्याने वहीत पहिलं वाक्य लिहिलं होतं ते असं: रस्त्यावर कुणाला सांगायचं नाही.

आणि आता ट्रकमधून काढून आणलेला तो सेट घरात टेबलावर बसवला होता. फक्त ऐकायचंय, असं त्याने लिहून दिलं, म्हणून ती तयार झाली. नाहीतर तो डबा म्हणजे तिला सवतच वाटे. नवऱ्याचे सगळे शब्द त्या डब्यात सांडतात आणि घरी येतो तो रिकामा, अशी तिची इतक्या वर्षांची समजूत होती. मुलीच्या लग्नाची बोलणीसुद्धा त्याने मानेनेच उरकली होती.

दुपारपर्यंत तारा पुरून झाल्या. शेवंतीची दोन रोपं गेली. भावाने दांडा चढवला, केबल खिडकीतून आत घेतली आणि टेबलावरचा काटेवाला मीटर पाहून थबकला.

"भावोजी, नुसतं ऐकायचं तर मीटर कशाला? दांड्याची लांबी इतकी काटेकोर लागते ती बोलायला."

ड्रायव्हरचे कान मात्र शाबूत होते. तरी त्याने ऐकू न आल्यासारखं केलं आणि मीटर जोडून टाकला.

मग काम सुरू झालं. त्याने माइकचं बटण दाबायचं, काटा कुठे जातो ते पाहायचं (जितका खाली, तितकी दांड्याची लांबी बरोबर) आणि बोटं वर करायची. तिने खिडकीतून आकडा ओरडायचा. अंगणात भाऊ स्क्रू सैल करून दांडा थोडा खाली सरकवी, पुन्हा आवळी आणि चार पावलं मागे जाई.

"तीन!"

"आता?"

"अडीच!"

"अजून बोटभर घेतो."

"दोन! नाही, दोनाच्या थोडं आत!"

दीडवर काटा आला तेव्हा त्याने बटण सोडलं आणि सेटमधून एकदम आवाज फुटला.

"कोण आहे रे तो? मघापासून बटण दाबून बसलाय आणि हूं की चूं नाही. मुका आहेस काय?"

ड्रायव्हरचा हात जागीच थांबला. तिने भुवया उंचावून विचारलं. त्याने वही ओढली आणि लिहिलं: घड्याळ. वेळेचा पक्का म्हणून पडलेलं नाव. वीस वर्षं दोघे एकाच रस्त्यावर गाड्या हाकत होते.

"भोंगा असता तर याला चार शिव्या हासडून मोकळा झाला असता," आवाज दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता. "गेला कुठे देव जाणे. निरोप नाही, काही नाही. माझंच बोलणं लागलं असेल त्याला. माझी जीभ तशीच आहे."

सवयीने ड्रायव्हरचा माइक तोंडापाशी गेला. ओठ उघडले. मग त्याने तो खाली घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"मी? मी काय बोलू?"

वही समोरच होती. त्याने काही लिहिलं नाही.

तिने बटण दाबलं. "मी भोंग्याच्या घरून बोलतेय. त्यांची बायको." ती बटण दाबूनच बसली; तसं समोरच्याचं ऐकू येत नाही. त्याने तिचा अंगठा हलकेच बटणावरून उचलला.

"वहिनी?" आवाज खाली आला होता. "तो... आहे ना?"

"आहेत. समोरच बसलेत. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. ऐकू येतं सगळं. तुमच्यावर रागावलेले नाहीत."

घड्याळने दोनदा घसा साफ केला.

"बरं झालं म्हणायचं. आता तरी आम्हाला बोलायला मिळेल."

ड्रायव्हरचे खांदे गदगदले. तो हसत होता.

"वहिनी, एक विचारू? फार वर्षं मनात आहे. गाडी शिकलात का शेवटी?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांपूर्वी, घरासमोरच्या गल्लीत, गाडी मागे घेताना तिने फाटकाचा खांब घासला होता. तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला होता. ती उतरली, किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगपुढे बसली नाही. त्यानंतर त्या विषयावर तिनेही ब्र काढला नव्हता, त्यानेही नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, सगळ्या रस्त्याला माहीत आहे. नवीन कुणी गाडीवर आला की भोंगा आधी हेच ऐकवायचा. शिकाऊ माणसावर ओरडू नका रे, म्हणायचा. माझ्या बायकोचा हात चांगला होता. मी ओरडलो आणि ती उतरली. आता परत बस म्हणायला मला तोंड नाही."

काटा शून्यावर होता, तरी ड्रायव्हर मीटरकडेच पाहत होता. त्याने पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. वही बाजूला सारली आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"ताई!" भाऊ अंगणातून ओरडला. "काय करू? अजून खाली घेऊ की राहू दे?"

"राहू दे," ती म्हणाली. "आता हलवू नकोस."

"वहिनी? आहात ना?" सेटमधून आवाज आला. "शिकलात की नाही?"

तिने बटण दाबलं.

"अजून नाही," ती म्हणाली.